पहिली रायफल, पहिलं हरीण : विस्कॉन्सिनमध्ये कमी खर्चात शिकारीची सुरुवात

दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास मला दोन-तीन फोन हमखास येतात. "दादा, यंदा हरणाला जायचं म्हणतोय. रायफल कोणती घेऊ?" मी आधी विचारतो, क्लास केला का? मग विचारतो, किती काडतुसं झाडायची तयारी आहे? रायफलीचा प्रश्न तिसरा, आणि त्याचं उत्तर सगळ्यात सोपं. आज अमेरिकेत पाचशे-सहाशे डॉलरांत रायफल आणि दुर्बीण मिळून जो संच येतो, तो हरणासाठी पुरेसा अचूक असतो. कमी पडतो तो सराव, आणि दुर्बीण बसवताना घ्यायची काळजी. पुढचं सगळं मुख्यतः या दोन गोष्टींसाठी लिहिलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं अमेरिकेतलं आहे, आणि त्यातही मी राहतो त्या विस्कॉन्सिनचं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि सुट्टीत गावी गेल्यावर तो विषयही काढायचा नाही. कुडाळकडे माझ्या आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. माझा बंदुकीशी लहानपणीचा संबंध म्हणजे भिंतीवर टांगलेली ती नळी आणि "हात लावायचा नाही" ही ताकीद, एवढाच. इथे राज्य सरकारच हरणांची संख्या मोजून, जिल्हावार ठरवून परवाने देतं. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. तुमच्या काडतुसांच्या पहिल्या खोक्यातही तो भरलेला असतो.

आधी कागद

व्हिसाचं नीट समजून घ्या, इथे चूक परवडत नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांना अडचण नाही. पण एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, मित्राची रायफल हातात घेणंही त्यात येतं. याला एक अपवाद आहे: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला चालू शिकार परवाना जवळ असणं. म्हणजे एच-१बीवाल्याने आधी परवाना काढायचा आणि मगच रायफलीला हात लावायचा. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. विस्कॉन्सिनचं परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, हे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. आणि इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या. रायफल घरात आणण्याआधी.

दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि तिथल्या तिथे पार्श्वभूमी तपासली जाते. फॉर्मवर गांजाबद्दलही प्रश्न असतो. शेजारच्या मिनेसोटात, इलिनॉयमध्ये, मिशिगनमध्ये राज्य कायद्याने तो चालत असला तरी केंद्रीय कायद्याला चालत नाही. खोटं लिहिणं गुन्हा आहे. मित्राच्या पैशाने, मित्रासाठी, आपल्या नावावर रायफल घेणं हाही गुन्हा आहे. आपल्याकडे "तुझ्या नावावर घे रे, नंतर बघू" असं सहज म्हटलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

१ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला विस्कॉन्सिनमध्ये परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा क्लास लागतो. मोठ्यांसाठी ऑनलाइनची सोय आहे, पण शक्य असेल तर प्रत्यक्ष वर्गाला जा. रायफल हातात घेऊन कुंपण कसं ओलांडायचं हे पडद्यावर कळत नाही. क्लासशिवाय एखादं वर्ष अनुभव घ्यायचा असेल तर मेंटॉर, म्हणजे अनुभवी शिकारी, बरोबर घेऊन जाता येतं. तो सतत हाताच्या अंतरावर असावा लागतो. विस्कॉन्सिनच्या रहिवाशाला गन डिअर परवाना, म्हणजे बंदुकीने हरीण मारण्याचा परवाना, २४ डॉलरला पडतो. पहिल्यांदा काढणाऱ्याला सवलत असते.

क्लासमध्ये चार नियम शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवा. ज्यावर गोळी झाडायची ते काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. झाडायच्या क्षणापर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवा. हे चार नियम घरात रिकामी रायफल पुसतानाही पाळायचे. माझ्या मुलीला पाचव्या वर्षी "पप्पांच्या कपाटाला हात लावायचा नाही" एवढंच सांगितलं होतं. कपाटाला कुलूप होतं आणि काडतुसं वेगळ्या खणात, त्यालाही वेगळं कुलूप. लहान पोराला सांगून भागत नाही, कुलूप लागतंच.

काडतूस कोणतं

रायफलीच्या कंपनीआधी काडतूस ठरवा, कारण खांद्याला बसणारा धक्का, गोळीची किंमत आणि दुकानात ती मिळेल की नाही, हे सगळं त्यावर ठरतं.

व्हाइटटेल, म्हणजे इथल्या नेहमीच्या हरणासाठी माझी यादी छोटी आहे. २४३ विंचेस्टर: १९५५पासूनचं, धक्का कमी, अंगाने किरकोळ असलेल्यांसाठी आणि बायकांसाठी-मुलांसाठी उत्तम, फक्त गोळी हरणाची घ्या, छोट्या जनावरांसाठीची हलकी गोळी नको. ३०८ विंचेस्टर: १९५२पासूनचं, कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळतं. ६.५ क्रीडमूर: २००७ साली आलं, धक्का मधला, अचूकता छान. ७ मिमी-०८ही फार गुणी आहे, पण दर दुकानात मिळेलच असं नाही. ३०-०६ तर १९०६पासून आहे आणि त्याने मोठमोठी एल्क, म्हणजे हरणाच्याच जातीतली पण कितीतरी मोठी जनावरं, पाडली आहेत. पण पहिल्या वर्षी तेवढा धक्का कशाला घ्यायचा?

धक्क्याचं मनावर घ्या. नवशिक्याचा नेम चुकण्याचं पहिलं कारण म्हणजे गोळी सुटायच्या आधीच अंग दचकतं. एकदा ती सवय लागली की मोडायला वर्ष जातं. रेंजवर कोणी प्रेमाने "हे मॅग्नम झाडून बघ" म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. पुढे कधी कोलोरॅडोत एल्कला जायचं असेल तर तिथे किमान २४ कॅलिबर, म्हणजे ०.२४ इंच व्यासाची गोळी लागते आणि मला स्वतःला तिथे ३०८च्या खाली जावंसं वाटत नाही. पण ती पायरी दोन-तीन हरणांनंतरची.

रायफल

सॅव्हेज अ‍ॅक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट, विंचेस्टर एक्सपीआर. यातली कुठलीही घ्या. सगळ्या बोल्टच्या, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडी मागे-पुढे करायची. साधारण ४०० ते ६०० डॉलरांच्या घरात मिळतात, काही तर दुर्बिणीसकट. दस्ता प्लॅस्टिकचा, दिसायला साधा. नळी मात्र चांगली असते. ३०-४० वर्षांपूर्वी ज्या अचूकतेसाठी बंदूकवाल्या कारागिराला जास्तीचे पैसे मोजावे लागत, ती आज यंत्रावर कातलेल्या नळीत सहज येते. सॅव्हेजच्या अ‍ॅक्सिसमध्ये साधा चाप आणि अ‍ॅक्यूट्रिगर असे दोन प्रकार येतात. थोडे पैसे जास्त गेले तरी अ‍ॅक्यूट्रिगरचा घ्या. जड चाप ओढताना नळी हलते आणि खापर दुर्बिणीवर फुटतं.

जुनी रायफलही वाईट नाही. दुकानदाराची परवानगी घेऊन बोल्ट काढा, नळीतून उजेडाकडे बघा: आत गंज, खड्डे नकोत आणि चकचकीत वळणं दिसली पाहिजेत. नळीचं तोंड नखाने चाचपा, टवका गेलेला नको. सेफ्टी लावून-काढून बघा.

आता आपल्या लोकांसाठी खास. आपल्यापैकी बऱ्याच जणांची उंची साडेपाच फुटांच्या आसपास. नेहमीचा दस्ता लांब पडतो, मान पुढे ताणावी लागते, आणि वर नोव्हेंबरातलं जाड जॅकेट. कॉम्पॅक्ट मॉडेल मागा. रायफल खांद्याला लावली की गाल आपोआप दस्त्यावर टेकला पाहिजे आणि डोळा दुर्बिणीच्या रेषेत आला पाहिजे. डावखुऱ्यांसाठी सॅव्हेज आणि रुगर दोघांकडे डावखुऱ्या रायफली आहेत. आणि तुमचा कोणता डोळा वरचढ आहे ते घरीच बघून घ्या: हाताच्या दोन्ही तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, लांबच्या घड्याळाकडे बघा, एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीत राहतं तो तुमचा.

दुर्बीण

३-९×४० असं लिहिलेली साधी दुर्बीण घ्या आणि त्यापलीकडे बघूच नका. तीन ते नऊ पट मोठं दिसतं आणि पुढच्या काचेचा व्यास ४० मिलिमीटर. लिउपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम, व्होर्टेक्सची क्रॉसफायर टू, बुरिसची फुलफील्ड. १५० ते ३०० डॉलरांत या बसतात. व्होर्टेक्स तर आमच्याच राज्यातली, बार्नेव्हेल्डची कंपनी. ६० डॉलरची दुर्बीण घेऊन पस्तावलेले मी बरेच पाहिले. ती दुकानात छान दिसते. धक्के खाऊन, गारठ्यात राहून, आतली नेमाची फुली सरकते तेव्हा कळतं. रायफलीत शंभर वाचवा आणि ते दुर्बिणीत घाला.

आता आकड्यांचा एक उपयोग सांगतो, कारण हरीण दिसतं ते पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. पुढच्या काचेचा आकडा मोठेपणाच्या आकड्याने भागा. ४० भागिले ९ म्हणजे साडेचार मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. अंधारात आपली बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे संध्याकाळी दुर्बीण नऊवर ठेवली तर तुम्ही स्वतःहून अंधार करून घेताय. सहावर आणा, झाडीतलं हरीण लगेच उजळतं. मचाणावर बसताना मी तीन किंवा चारवरच ठेवतो. जवळ आलेलं हरीण नवाला नुसतं तपकिरी केस दिसतं, पुढचं-मागचं कळत नाही.

आणि रायफलीच्या दुर्बिणीतून आजूबाजूला बघायचं नाही. त्या झुडुपात हललं ते माणूसही असू शकतं, आणि तुम्ही त्याच्यावर नळी रोखलेली असते. बघायला गळ्यात वेगळी दुर्बीण हवी. ८×४२ची साधी चालेल.

बसवणं: इथे घाई नको

माझ्या पहिल्या वर्षी एका दुकानात दुर्बीण "फुकट बसवून देतो" म्हणाले आणि मी बसवून घेतली. रेंजवर दहा-बारा गोळ्या झाडल्या, बऱ्यापैकी लागल्या. सीझनच्या दुसऱ्या दिवशी साठ यार्डांवर मादी उभी राहिली, अगदी आडवी, बारा सेकंद तरी. गोळी झाडली, ती कमान टाकून उडाली आणि गेली. जमिनीवर पोटाकडचे पांढरे केस आणि हिरवट ओल. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला बरोबर घेऊन पुन्हा शोधलं. सापडली नाही. घरी येऊन दुर्बीण हलवून पाहिली, तर दुर्बीण रायफलीवर बसते त्या खालच्या पट्टीचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते. स्क्रू दुकानाने ढिले ठेवले, पण तपासायचं काम माझं होतं. त्या मादीचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून हे काम घरच्या टेबलावर, स्वतः. स्क्रू किती जोराने आवळला ते इंच-पाउंडात मोजणारा छोटा टॉर्क स्क्रूड्रायव्हर ५० डॉलरच्या आसपास मिळतो आणि तो या सगळ्या सामानातली सगळ्यात शहाणी खरेदी आहे.

रायफल रिकामी आहे का ते दोनदा बघा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. कारखान्यातून आलेलं तेल स्क्रूंवर आणि भोकांत असतं. अ‍ॅसिटोनने पुसून कोरडं करा. पट्टीच्या स्क्रूंना निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एकच थेंब. लाल नको, पुढे निघणार नाही. पट्टीचे स्क्रू वीस-एक इंच-पाउंड, दुर्बिणीला धरणाऱ्या कड्यांचे पंधरा ते अठरा. पण कंपनीच्या कागदावर आकडा असेल तो अंतिम. कड्यांचे स्क्रू एकदम आवळू नका. तिरक्या जोडीने, थोडं थोडं, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे.

पूर्ण आवळण्याआधी डोळ्याचं अंतर ठरवा. शिकारीचं जॅकेट घालून, दुर्बीण नऊवर ठेवून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. कडेला काळी चंद्रकोर न दिसता पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. नाहीतर दुर्बीण पुढे-मागे सरकवा. साडेतीन-एक इंच मोकळे असतातच. डोळा फार जवळ असला तर धक्क्यात कडा भुवईवर बसते आणि तिथे अर्धचंद्राची खोक पडते. मी दोघांना टाके घातलेले पाहिलेत.

मग फुली उभी-सरळ करायची. यासाठी आपला गवंड्याचा ओळंबा. दोरीला नट बांधून अंगणात वीस यार्डांवर टांगला, रायफल सपाट धरली, आणि फुलीची उभी रेघ दोरीवर आणली. पंधरा मिनिटांचं काम. सगळं आवळून झालं की प्रत्येक स्क्रूवर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

झीरो

झीरो म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी फुलीवरच लागेल अशी दुर्बीण जुळवणं. आता रेंज. ईगलजवळ मॅकमिलर रेंज आहे, इतरही सार्वजनिक रेंज आहेत. कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही. डोळ्यांना चष्मा. काडतुसांची पाच खोकी एकदम घ्या, एकाच कंपनीची, एकाच वजनाची. २० काडतुसांचं खोकं २५ ते ४५ डॉलरला पडतं. रेमिंग्टनचं कोअर-लोक्ट, फेडरलचं पॉवर-शॉक, हॉर्नडीचं अमेरिकन व्हाइटटेल, सगळी हरणासाठी पुरेशी. मी अलीकडे तांब्याच्या गोळीवर आलोय. शिशाची गोळी मांसात बारीक कण सोडते, आणि जंगलात उरलेल्या आतड्यांवर गरुड येतात, त्यांच्या पोटात ते शिसं जातं.

सुरुवात २५ यार्डांवर. बोल्ट काढून रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, नळीतून बघून लक्ष्याचा काळा गोल नळीच्या मधोमध आणा. रायफल न हलवता दुर्बिणीतून बघा आणि फुली फिरवून त्याच गोलावर आणा. एवढ्यानेच पहिली गोळी कागदावर लागते. मग बोल्ट घाला, तीन गोळ्या झाडा. श्वास अर्धा सोडा, थांबा, चाप सरळ मागे हळूहळू दाबा. कधी सुटली ते कळता कामा नये.

समजा तिन्ही गोळ्या मध्यापासून तीन इंच डावीकडे आणि दोन इंच खाली लागल्या. दुर्बिणीचा एक क्लिक म्हणजे पाव एमओए (कोनाचं एक माप), म्हणजे १०० यार्डांवर साधारण पाव इंच. २५ यार्डांवर तो इंचाचा सोळावा भाग. तर तीन इंच उजवीकडे म्हणजे ४८ क्लिक, दोन इंच वर म्हणजे ३२ क्लिक. पुन्हा तीन गोळ्या. २५वर गोळी मध्याच्या अर्धा इंच खाली लागली तर उत्तम, कारण दुर्बीण नळीच्या वर दीड इंच असते. आता १०० यार्डांवर जा. तिथे चार क्लिक म्हणजे एक इंच. एका गोळीवरून कधी फिरवू नका, तीन झाडा आणि त्यांचा मध्य धरा.

या रायफलींची नळी बारीक असते, लवकर तापते आणि तापली की गोळ्या पसरतात. तीन झाडल्या की बोल्ट उघडून दहा मिनिटं ठेवा. मी थर्मासमधला चहा याच वेळी घेतो. तीन गोळ्या दीड-दोन इंचांत बसल्या की रायफलीने तिचं काम केलं. इंचाच्या आत आणायच्या नादात खोकी संपवू नका.

१०० यार्डांवर बरोबर मध्ये ठेवा. ३०८ची १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी मग २०० यार्डांवर साधारण चार इंच खाली जाते. विस्कॉन्सिनच्या झाडीत बहुतेक हरणं १०० यार्डांच्या आतच दिसतात.

कागदी ताट

झीरो झाल्यावर लोक रायफल कपाटात ठेवतात. खरं तर शिकायला तिथून पुढे लागायचं. जंगलात टेबल नाही, वाळूची पिशवी नाही. हरणाचं काळीज-फुप्फुस मिळून आठ ते दहा इंचांचा भाग असतो, म्हणजे पार्टीतलं कागदी ताट. ते ताट ५० यार्डांवर लावा आणि खाली बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून पाच गोळ्या झाडा. पाचही ताटात? ७५वर न्या. मग १००. मग गुडघ्यावर, मग काठीच्या टेकूने उभं राहून. ज्या अंतरावर पाचातली एकही बाहेर गेली, त्याच्या आतलं अंतर तुमची हद्द. माझी उभ्याने टेकूशिवाय ४० यार्ड आहे, बसून १५०. हरीण कितीही देखणं असो, हद्दीबाहेर मी झाडत नाही.

घरी, रायफल रिकामी असल्याची तीनदा खात्री करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, नकली काडतूस घालून चाप दाबायचा सराव करा. रोज दहा वेळा. खर्च शून्य, आणि अंग दचकणं यानेच जातं. कोणाची २२ची छोटी रायफल मिळाली तर तिच्यावरही हात बसतो.

जागा आणि दिवस

गन डिअर सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊ दिवस. कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी भगवा-चमकदार किंवा चमकदार गुलाबी असावाच लागतो, टोपीचंही तसंच. गाडीत रायफल रिकामी.

उत्तरेला शेक्वामेगन-निकोले राष्ट्रीय जंगल आहे, १५ लाख एकरांवर, सर्वांना खुलं. खासगी जमीन हवी तर शेतकऱ्याला ऑगस्टमध्ये भेटा, सीझनच्या आदल्या शुक्रवारी रात्री नाही. आमच्या शेजाऱ्यांनी मला परवानगी दिली ती दोन शनिवार त्यांच्या कुंपणाचं काम केल्यावर. हरणाच्या वाटा, लेंड्या, शिंग घासून सोललेली झाडं, पायाने उकरलेली माती, हे ऑक्टोबरात फिरून बघून ठेवा. वारा तोंडावर येईल अशी जागा निवडा. हरणाला नाकाने जे कळतं ते डोळ्यांनी कळत नाही. झाडावरच्या मचाणावर बसणार असाल तर पडू नये म्हणून घालायचा पूर्ण अंगाचा पट्टा जमिनीवरूनच अडकवा आणि रिकामी रायफल दोरीने वर ओढा. पहिल्या वर्षी मात्र झाडाला पाठ टेकून जमिनीवर बसणं सगळ्यात चांगलं.

गोळी आणि त्यानंतर

हरीण आडवं उभं राहू द्या. पुढच्या पायाच्या लगेच मागे, पोटाच्या रेषेपासून एक तृतीयांश वर. किंचित पाठमोरं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे जाईल असा नेम धरा. तोंड तुमच्याकडे, पळतं, टेकडीच्या माथ्यावर आभाळाला लागून: सोडून द्या.

झाडली की लगेच बोल्ट मारून दुसरी भरा आणि हरीण कुठे उभं होतं, कुठल्या झाडाशी दिसेनासं झालं, ते डोक्यात पक्कं करा. अर्धा तास जागेवरून उठू नका. मग जाऊन रक्त बघा. फेसाळ, गुलाबी म्हणजे फुप्फुस, जवळच पडलेलं असेल. काळपट म्हणजे यकृत, दोन-तीन तास थांबा. हिरवट, वासाचं म्हणजे पोट. तेव्हा कितीतरी तास शांत बसायचं, घाईने पाठलाग केला की ते मैलभर जातं. मी त्या पहिल्या वर्षी दहाव्या मिनिटाला उठलो होतो. थेंबाथेंबावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत जा, मागे वळून पाहिलं की दिशा कळते.

पडलेल्या हरणाकडे पाठीमागून जा, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून बघा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते, फोनवरून होते. पोट फाडताना हातमोजे घाला, सुरी उताणी धरा, पात्याची धार वर आणि दोन बोटं पात्याच्या दोन बाजूंना, म्हणजे कोथळ्याला टोक लागत नाही. छाती आणि पोटामधला पडदा कापा, श्वासनळी वरून कापा, सगळं एका ओढीत बाहेर येतं. मूत्राशय सांभाळा. आतून कोरडं पुसा आणि लवकर थंड करा. हे पहिल्यांदा कुणाकडून तरी शेजारी उभं राहून शिका.

आणि तपासणी. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला आणि आता बराच पसरलाय. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असंच सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सांगते. तो प्रिऑनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी प्रिऑन मरत नाही. राज्याच्या खात्याच्या पेट्या जागोजागी असतात, तिथे हरणाचं डोकं ठेवा, तपासणी मोफत. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, प्रत्येक पिशवीवर हरणाचा क्रमांक.

मांसावरची चरबी पूर्ण काढा, ती बकऱ्याच्या चरबीसारखी नसते, मेणासारखी टाळूला चिकटते. पाठीचा कणा धरून दोन बाजूंना जी लांब पट्टी असते ती फक्त मीठ-मिरी लावून तव्यावर, आत गुलाबी राहील अशी. मान आणि फऱ्या आमच्याकडे मालवणी वाटपात, सोलं घालून, कुकरमध्ये. मांडीचा खिमा.

रायफल थंडीतून घरात आणली की तिच्यावर पाणी सुटतं. एक तास तशीच उघडी ठेवा, बोल्ट काढा, मग कोरडी पुसून नळीत तेलाचा बोळा फिरवा. उरलेल्या काडतुसांवर तारीख घाला. आणि कपाटात ठेवण्याआधी त्या नेलपॉलिशच्या रेघा भिंग घेऊन बघा. मी नोव्हेंबरात एकदा बघतो, ऑगस्टमध्ये पहिली गोळी झाडण्याआधी एकदा, आणि सीझनच्या आदल्या शुक्रवारी रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली पुन्हा एकदा.